तुटक्या हॅक्सॉ पात्याची जाडी

सूर्यमाळच्या पठारावर पावसाळा येतो तो वाऱ्याला सोबत घेऊनच. मोखाडा तालुक्यातलं हे उंचावरचं गाव. इथून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आषाढात एखादं जुनं झाड आडवं झालं, की एसटी अडते, बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप अडते आणि तारा तुटल्या असतील तर वाडीपाड्यांत अंधार होतो. अशा वेळी वाट मोकळी करते ती पेट्रोलवर चालणारी चेनसॉ. आणि अशाच वेळी ती हटून बसते. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, मशीन फुरफुरते, दोन ठोके देते आणि गप्प होते. अधिकृत दुरुस्ती म्हटली की मोठ्या शहराची वाट धरायची. म्हणजे एक दिवस, जीपचं भाडं, बुडालेली मजुरी आणि वर "ठेवून जा, आठवड्याने फोन करा".

खरं तर त्यातल्या बहुतेक बिघाडांना नवा भाग लागतच नाही. लागतं ते बिघाड नेमका कुठे आहे हे सांगणारं अवजार. कंपनीच्या अवजारांचा संच महाग असतो आणि तालुक्याच्या बाजारात तो मिळतही नाही. पण त्यातल्या एकेका अवजाराचं काम नीट समजून घेतलं, तर भंगारातून तसंच दुसरं उभं करता येतं. ते कसं, हे या प्रकरणात पाहू.

या डोंगरांत झाड तोडणं ही फार जुनी मजुरी आहे. जव्हार संस्थान असल्यापासून इथलं लाकूड घाट उतरून खाली जात आलं. ठेकेदाराने कूप, म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा पट्टा, घ्यायचं आणि वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मजुरांनी कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या करवतीने ते उतरवायचं, अशी रीत होती. त्या मजुरीतली पिळवणूक १९३०च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात नोंदवली गेली. पुढे १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कुपं देण्याचं धोरण सुरू झालं. मजुरी कुणाच्या हातून मिळते हे बदललं, पण अवजार मजुराचंच राहिलं. कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता ज्याचा तो पाजवायचा, कुऱ्हाडीचा दांडा ज्याचा तो घडवायचा. धार गेली म्हणून कुणी शहरात जात नव्हतं. पेट्रोलची मशीन आली तेव्हा काम दसपट उरकायला लागलं आणि अवजाराची देखभाल मात्र मजुराच्या हातातून निसटली. मला घरगुती अवजारांचं मोल वाटतं ते याचसाठी. पैसे वाचतात हे खरंच. पण आपलं हत्यार आपल्याला उघडता येतं, ही गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मशीन दुरुस्त करता आली म्हणून झाड तोडण्याचा हक्क मिळत नाही. मालकीच्या जमिनीतल्या झाडांनाही १९६४ चा वृक्षतोडीबाबतचा कायदा लागू आहे, आणि आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. तो कायदा व्यापाऱ्याने खातेदाराला फसवू नये म्हणूनच झाला. परवानगीचा कागद हातात नसेल तर मशीन घरीच राहू द्यावी.

आता इंजिनाकडे वळू. ते आपल्याला अनोळखी नाही. १९७२ साली कायनेटिकची लुना आली, तिचं इंजिन ५० सीसीचं, दोन स्ट्रोकचं. राजदूत, जुनी बजाज स्कूटर, जुन्या रिक्षा हे सगळं त्याच गोतातलं. आजची मध्यम चेनसॉही ५० ते ६० सीसीची आणि दोन स्ट्रोकचीच. ज्या मिस्त्रीचा हात लुनावर बसला, त्याला चेनसॉ उघडायची भीती वाटायचं कारण नाही. फरक आहे तो वेगाचा. चेनसॉचं इंजिन मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्याही पुढे जातं. लुनामध्ये खपून जाणारी बारीक चूक इथे पिस्टन खाऊन टाकते. म्हणून इथे अंदाजाला जागा कमी आणि मापाला जास्त. घरी बनवलेलं अवजार ओबडधोबड दिसलं तरी चालेल. त्यातलं माप ओबडधोबड असून चालणार नाही.

सुरुवात चेनपासून करू, कारण "मशीन कापत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा इंजिन नसतंच. पूर्वीच्या यांत्रिक करवतींचे दात साध्या करवतीसारखे होते, लाकूड खरवडत जाणारे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली लाकूड फोडताना त्याला खोडात भुंग्याची अळी दिसली. उभ्या रेषेतलं लाकूड असो की आडव्या, ती ते सारख्याच सहजपणे कुरतडत चालली होती. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले आणि डावा-उजवा असे आळीपाळीने चालणारे होते. कॉक्सने त्याच आकाराचे दात साखळीवर बसवले आणि त्याचं पेटंट घेतलं. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक चेनसॉवर त्याच घराण्याची चेन असते. आपल्याकडच्या कुजक्या खोडांतही भुंग्यांच्या अळ्या असतात. एखादी सापडली तर भिंगाखाली तिचे जबडे जरूर पाहा, चेनचा दात का तसा वळलेला आहे ते एका नजरेत कळतं.

या चेनवर प्रत्येक कापणाऱ्या दाताच्या पुढ्यात एक बुटका उंचवटा असतो. मिस्त्री त्याला रेकर म्हणतात. तो कापत नाही. दाताने लाकडात किती खोल घुसायचं हे ठरवतो. दाताच्या माथ्यापेक्षा रेकर साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असायला हवा. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे कानशीने धार लावत गेलं की दात मागे सरकतो आणि बुटकाही होतो. रेकर मात्र आहे तेवढाच राहतो. मग धार वस्तऱ्यासारखी असूनही मशीन नुसती पिठासारखा भुसा काढते, आणि माणूस जोर लावून लावून इंजिन तापवतो. उलट कुणी घाईने रेकर फारच घासला, तर दात लाकडाचा मोठा लचका तोडायला जातो, मशीन हिसका देते आणि चेन जिच्यावर फिरते ती पट्टी उसळून अंगावर येऊ शकते. इथे अर्धा मिलिमीटर इकडे की तिकडे याला शरीराची किंमत आहे.

हे ०.६५ मिलिमीटर मोजायचं कशाने? कंपनीचं मापक मिळतं, पण हातात नसेल तर लोखंड कापायच्या साध्या हॅक्सॉचं तुटकं पातं घ्या. त्या पात्याची जाडी ०.६३ ते ०.६५ मिलिमीटर असते. पाहिजे तेच माप, आणि तेही प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात जमिनीवर पडलेलं. दाताच्या बाजूला पातं नागमोडी वळवलेलं असतं, म्हणून तो भाग ग्राइंडरवर उडवायचा आणि पाठीकडची सपाट पट्टी ठेवायची. तिच्यावरचा रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढायचा, कारण रंगही जाडी वाढवतो. एकदा कुणाच्या तरी व्हर्नियरवर खात्री करून घ्यायची. मग सरळ धारेची एक लोखंडी पट्टी लागोपाठच्या दोन दातांच्या माथ्यांवर आडवी ठेवायची. पट्टीखाली, मधल्या रेकरवर जी फट राहते तिच्यात पातं सरकवून बघायचं. अडत घासत गेलं तर माप बरोबर. शिरलंच नाही तर रेकर उंच आहे, त्यावर सपाट कानशीचे एक-दोन हात मारायचे. सैल हललं तर रेकर आधीच खाली गेलेला आहे. तिथे कानस लावायची नाही, दातांना पुढच्या एक-दोन वेळा धार लावली की फरक आपोआप भरून येतो. शेवटी रेकरची पुढची कड गोल करायला विसरायचं नाही.

धार लावायला गोल कानस. छोट्या मशिनीच्या बारीक चेनला ४ मिलिमीटरची, बाजारात सर्रास दिसणाऱ्या ५८ सीसीच्या स्वस्त मशिनींच्या चेनला बहुधा ४.८ मिलिमीटरची. चेनचा पिच ठाऊक नसेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं करायचं, तोच पिच. कोन ठेवायचा ३० अंशांचा, आणि नेमका तो हाताने टिकत नाही. सागाच्या ठोकळ्यावर शाळेच्या कंपास पेटीतल्या गुण्याने ३० अंशांच्या रेघा मारा, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. ठोकळ्याला मधोमध खाच पाडून तो पट्टीवर बसेल असा करा. कानस त्या रेघेला समांतर चालली की झालं. डावे दात उजव्यांपेक्षा लांब राहिले तर काप वाकडा जातो, म्हणून सगळ्यांत झिजलेला दात शोधून बाकीचे त्याच्याइतके करायचे. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यात ओढून आणलेल्या ओंडक्याला चिखलवाळू चिकटलेली असते. धार लवकर जाते ती त्यामुळे. ओंडका आधी धुवून किंवा सालीवरची माती कोयत्याने खरवडून घेतली तर कानशीचे निम्मे श्रम वाचतात.

त्याच हॅक्सॉच्या पात्याचे आणखी दोन उपयोग आहेत. पट्टीच्या खाचेत तेल आणि भुसा मिळून घट्ट राप बसतो, तो काढायला पात्याचं टोक ग्राइंडरवर आकड्यासारखं घासून घ्यायचं. दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा. पट्टीच्या दोन कडा झिजून फाकल्या की चेन एका बाजूला कलते आणि कितीही धार लावा, काप चंद्रासारखा वळत जातो. पट्टीची खाच १.३ मिलिमीटरची असेल तर दोन पाती एकावर एक ठेवून खाचेत घालायची, कारण दोन पात्यांची जाडी तेवढीच भरते. मग रुळाच्या तुकड्यावर पट्टी आडवी ठेवून फाकलेली कड हलक्या हातोडीने पात्यांवर बसवत जायचं. खाच १.५ मिलिमीटरची असेल तर दोन पात्यांमध्ये जुन्या एक्स-रे फिल्मची एक पट्टी घालायची. नंतर कडांवरची चिपरी सपाट कानशीने काढून पट्टी काचेवर उभी धरून बघायची, दोन्ही कडा एकाच पातळीत हव्यात.

आता इंजिन खोलायची अवजारं. क्लच काढताना दोन अडचणी येतात. एक, पिस्टन वर-खाली होत राहतो म्हणून क्लच सुटत नाही. दुसरी, क्लचचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतात. हे माहीत नसल्यामुळे किती क्लच छिन्नी-हातोडीने फोडले गेले असतील! पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालणं हा तर गुन्हाच समजावा. पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं किंवा सिलिंडरच्या चकाकत्या अस्तरावर ओरखडा उठतो, आणि तो पुढे भरून येत नाही. जुन्या स्टार्टरची नायलॉनची दोरी टाकून देऊ नका. पिस्टन वर चढत असताना सायलेन्सरचं भोक झाकलं गेलं, की प्लगच्या भोकातून ती दोरी आत सारायची, एक टोक बाहेर ठेवायचं आणि हळूहळू पिस्टन दाबायचा. दोरीची गादी होते, पिस्टन तिच्यावर रुततो, कशालाच इजा होत नाही. पिस्टन खाली असताना दोरी घातली तर ती भोकात शिरून चिरडते, तेवढं जपायचं.

क्लच फिरवायला जुना प्लगपाना घ्या. त्याच्या तोंडाची कड घासून क्लचच्या खाचांत बसतील एवढे दात ठेवा, बाकीचं काढून टाका. ज्या क्लचला खाचांऐवजी भोकं असतात, त्यासाठी सहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर बोल्टची दोन टोकं वेल्ड करून घ्यायची. मॅग्नेट, म्हणजे चुंबक बसवलेलं चाक, काढायचा पुलरही असाच होतो. त्याच जाडीच्या पट्टीला मधोमध मोठा नट वेल्ड करायचा, दोन बाजूंना मॅग्नेटच्या आट्यांत बसणाऱ्या बोल्टसाठी भोकं पाडायची. आधी शाफ्टवरचा नट टोकाशी सपाट येईपर्यंत परत चढवून ठेवायचा, म्हणजे आटे वाचतात. मग मधला बोल्ट घट्ट आवळून त्याच्या डोक्यावर एकच नेमका ठोका द्यायचा. मॅग्नेट आवाज करून मोकळा होतो.

मॅग्नेट परत बसवताना कॉइल आणि त्याच्यात साधारण ०.३ मिलिमीटरची फट लागते. इथे लोखंडी मापक त्रासदायक, चुंबक ते ओढून घेतं. लग्नपत्रिकेचा किंवा व्हिजिटिंग कार्डाचा जाड कागद बरोबर तेवढा भरतो. कॉइलचे स्क्रू सैल करायचे, कार्ड मधे धरायचं, मॅग्नेटचं चुंबक कॉइलसमोर आणायचं. चुंबकच कॉइलला कार्डावर ओढून धरतं. स्क्रू आवळायचे, चाक फिरवून कार्ड बाहेर काढायचं.

पण ज्या एका अवजारासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं, ते आता येतं. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचं मिश्रण आधी खालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि तिथून वर जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. त्यातलं एखादं कडक झालं, किंवा कार्ब्युरेटरमागचं रबर चिरलं, की मशीन त्या फटीतून जादा हवा ओढते. मिस्त्री म्हणतात तसं, मशीन हवा खाते. हवा वाढली म्हणजे पेट्रोलचं प्रमाण घटलं, आणि पेट्रोलबरोबरच येणारं ऑइलही घटलं. मशीन विनाकारण पळते, तापते आणि एक दिवस पिस्टन चिकटतो. मालक नवा ब्लॉक-पिस्टन टाकतो. महिन्याभरात तोही जातो. मग ऑइलला दोष, पेट्रोलला दोष, मशीनच्या कंपनीला दोष. खरा गुन्हेगार असतो ते सील, अंगठीएवढं, स्वस्तातलं. ते कुणी तपासलेलंच नसतं, कारण डोळ्यांनी ते दिसत नाही.

ते शोधायचं बीपीच्या यंत्राने. दवाखान्यातून किंवा घरातून बाद झालेलं, काट्याची तबकडी आणि रबरी फुगा असलेलं यंत्र घ्या. दंडाला बांधायचा पट्टा फाटलेला असला तरी चालतो. आपल्याला फुगा, काटा आणि दोघांना जोडणारी नळी एवढंच हवं. कंपन्यांच्या पुस्तकांत या चाचणीसाठी साधारण अर्धा बार दाब सांगितलेला असतो. बीपीचा काटा ३०० पर्यंत जातो, म्हणजे ०.४ बार. थोडा कमी आहे, पण गळती पकडायला पुरतो. शिवाय त्यावरच्या बारीक रेघांमुळे मंद गळतीही नजरेतून सुटत नाही.

आता मशीनची सगळी भोकं बंद करायची. सायलेन्सर काढून त्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवायचा आणि वरून पत्र्याची पट्टी आवळायची. कार्ब्युरेटर काढून तिथेही ट्यूबचा तुकडा आणि ॲल्युमिनियमची पट्टी बसवायची, मात्र या पट्टीला एक भोक पाडून त्यात स्कूटरच्या ट्यूबचा जुना व्हॉल्व, आतली सुई काढून, पक्का बसवलेला असावा. बीपीची नळी त्याला जोडायची. कार्ब्युरेटरच्या तोंडालगत क्रँककेसमधून येणारं एक बारीक छिद्र बऱ्याच मशिनींना असतं. तेही रबराखाली झाकलं गेलं पाहिजे. प्लग जागेवर घट्ट हवा. मग फुगा दाबत काटा २५० च्या पुढे न्यायचा आणि थांबायचं.

काटा स्थिर राहिला तर इंजिन त्या बाजूने निर्दोष. उतरायला लागला तर साबणाचं पाणी ब्रशने एकेका सांध्यावर लावत जायचं. मॅग्नेटमागचं सील, क्लचमागचं सील, सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग, प्लगचा बुंधा. जिथे बुडबुडा फुगेल तिथे दुखणं. आधी आपल्याच पट्ट्यांच्या कडा तपासून घ्याव्यात. ट्यूब नीट न बसल्यामुळे चांगलं इंजिन नापास होण्याची शक्यता मोठी असते. एवढ्यावर थांबू मात्र नये. सीलच्या ओठाची ठेवण अशी असते की काही जुनी सीलं बाहेर जाणारी हवा अडवतात आणि आत येणारी सोडतात. म्हणून उलटी परीक्षाही घ्यायची. बीपीचा काटा खेच दाखवत नाही. तिथे गुरांच्या डॉक्टरकडची मोठी सिरिंज कामाला येते. दट्ट्या मागे खेचायचा, नळी चिमटून धरायची, सिरिंज रिकामी करून पुन्हा खेचायची. दोन-चारदा असं केल्यावर दट्ट्या ओढून मग हात सैल सोडला तर तो झटक्यात आत गेला पाहिजे. सुस्तावल्यासारखा मधेच राहिला तर कुठून तरी हवा आत शिरते आहे. सील बदलल्यावर हीच परीक्षा परत घ्यायची आणि मगच मशीन बंद करायची. त्याच फुग्याची नळी कार्ब्युरेटरच्या पेट्रोल येणाऱ्या तोंडाला लावली, की आतली सुई पेट्रोल धरते की नाही तेही कळतं.

सिरिंजचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलचं मिश्रण. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल, पंचविसास एक म्हणजे ४०. कोणतं प्रमाण घ्यायचं ते मशीनच्या पुस्तकात असतं. बाटलीच्या झाकणाने ऑइल मोजायची सवय सोडून २० मिलिलिटरची सिरिंज वापरावी. २०२५ पासून पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉल पाणी शोषतं, आणि सूर्यमाळच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये ते पाणी साठत जातं. जुनं मिश्रण काचेच्या बाटलीत ओतून रात्रभर ठेवावं. तळाशी वेगळा थर दिसला तर ते मशीनमध्ये घालू नये. काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवली, तर कार्ब्युरेटरमधला रबरी पडदा जास्त टिकतो. टाकीतला फिल्टर बाहेर ओढायला सायकलच्या स्पोकचं टोक आकड्यासारखं वळवून, कानशीने गुळगुळीत करून ठेवावं. ते टोचरं राहिलं तर नळीच फाडतं.

ज्या अवजारांना कठीणपणा लागतो, त्यांचं काम लोहाराच्या भट्टीतलं. चेनची रिव्हेट काढायचा पंच इंजिनच्या जुन्या व्हॉल्वच्या दांड्यातून होतो, खरवडणी कमानपाट्याच्या तुकड्यातून. पाट्याचं पोलाद लाल करून स्पीकरमधल्या चुंबकाजवळ न्यायचं. चुंबक त्याला ओढेनासं झालं, की ते तेलात बुडवायचं. पाण्यात हे पोलाद तडकायची भीती असते. एवढ्याने ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पॉलिश पेपरने चमकवून परत हलकं तापवायचं आणि रंग बघायचा. गवताच्या काडीसारखा पिवळा आला की खरवडणी तयार. व्हॉल्वच्या दांड्यांत मात्र पोलादाच्या जाती अनेक. चुंबकाला चिकटणारा दांडा निवडायचा, त्याच रीतीने तापवून बुडवायचा आणि टोक कानशीने घासून पाहायचं. कानस घसरली तर तो कठीण झाला, मग जांभळ्यावरून निळ्याकडे झुकणाऱ्या रंगापर्यंत तापवून घ्यायचा, कारण पंचाला घाव सोसायचा असतो. ही नजर आपल्याकडच्या लोहारांकडे पिढ्यानपिढ्या आहे. त्यांच्याकडे कोयता शेवटायला जाताना हे तुकडेही सोबत न्यावेत. पंच मारताना आणि ग्राइंडरवर काम करताना चष्मा लावणं मात्र कुणीही टाळू नये.

काही गोष्टी घरी बनवायच्याच नाहीत. चेन तुटल्यावर तिला अडवणारा खालचा आकडा, हाताच्या पुढचा ब्रेक, त्याची स्प्रिंग आणि पट्टा, ॲक्सिलेटरचा चाप अडवणारी कळ, हे भाग कंपनीचेच घ्यावेत. चेन ताशी साठ किलोमीटरच्याही वर पळत असते. ब्रेक तारेने बांधून ठेवलेली मशीन दुरुस्तीला आली, तर आधी ब्रेक दुरुस्त करायचा आणि मगच बाकीचं. तुटलेली चेन खिळा ठोकून जोडणं हेही त्यातलंच; तिची रिव्हेट आणि कडी त्याच मापाची विकत मिळते. आणि मशीनला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला करायची, चेनला नुसती धार लावायची असली तरी.

राहता राहिली ठेवण. हॅक्सॉचे तुकडे सगळे सारखेच दिसतात, ट्यूबचे तुकडेही. रेकरच्या पात्याला एक भोक पाडून त्याला लाल दोरा बांधावा, खाचेची दोन पाती एकत्र तारेत ओवावीत. पट्ट्या आणि रबरं मशीनच्या मॉडेलप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत ठेवून, पिशवीवर मॉडेलचं नाव आणि कानशीचा आकार ऑइल पेंटने लिहावा. बीपीचा फुगा उंदीर कुरतडतात. तो पत्र्याच्या डब्यात ठेवावा आणि मे महिन्याच्या शेवटी, पाऊस उतरण्याआधी, नळीला तडे गेलेत का ते एकदा पाण्यात बुडवून बघून घ्यावं.